शिफारशीचा रकाना

डिसेंबरात पो नदीचं धुकं
वर्गाच्या काचांपर्यंत येऊन थांबतं
आणि माझ्या टेबलावर एकवीस फॉर्म येतात.
नाव, जन्मतारीख, आईवडिलांची सही,
आणि खाली एक रकाना: शिक्षकांची शिफारस.
एक ओळ मावेल एवढाच.

तेरा वर्षांची मुलं ही.
काहींच्या दप्तराला अजून कापडी अस्वल लटकतं.
तोबियाचा आवाज गेल्या आठवड्यात फुटला,
हजेरीला त्याच्यातून दोघं ओ देतात.
आणि यांनी ठरवायचं:
लॅटिन की लेथ मशीन,
हॉटेलचं स्वयंपाकघर की हिशेबाच्या वह्या.
आईबाप म्हणतात, तुम्हीच सांगा बाई.
जणू मला दिसतंय
मैदानाच्या कडेच्या पॉप्लरांपलीकडचं.
मला तर पॉप्लरही दिसत नाहीत.

जिनेव्राचं सोपं.
घरात तीन पिढ्या वकिली,
तिचा रकाना तिच्या जन्माआधीच भरलेला.

एर्योनचा फॉर्म मी शेवटी ठेवला.
बाप गवंडी, बोटीनं समुद्र ओलांडून आलेला,
आई पहाटे पाचला बँकेच्या फरश्या पुसते.
स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं,
त्याला हाताचं काम द्या, लवकर कमावेल.
दुष्टपणानं नव्हे,
कॉफीत साखर ढवळता ढवळता.

तेव्हा माझ्या आत उभी राहिली
सत्त्याऐंशी सालची एक मुलगी,
डुकरं पाळणाऱ्याची,
जिच्या फॉर्मवर बाईंनी निळ्या शाईत लिहिलं होतं
शिवणकाम.
मी चार वर्षं कॉलर शिवल्या.
मग रात्रशाळा. लॅटिनची पहिली विभक्ती
मी पाठ केली तेविसाव्या वर्षी,
बोटांना सुयांचे व्रण असताना.

म्हणून एर्योनच्या रकान्यात लिहिलं:
क्लासिकल लिचेओ.
खाली दोन रेघा ओढल्या.
माझं जुनं देणं मी त्याच्या नावावर फेडत होते,
हे तेव्हा कळलं नाही.

सोमवारी तो आला,
कागदाची घडी चार पदरी.
बाई, हे चुकलंय.
चुकलं नाही, म्हटलं, तुला जमेल.
जमेल, तो म्हणाला, बसची वेळ सांगावी तसं.
पण मला घरांचे नकाशे शिकवतात तिथं जायचंय.

मग सांगितलं, उभ्याउभ्या:
बाबा घरं बांधतात, नकाशा दुसरंच कुणी वाचतं.
एकदा एक भिंत हातभर सरकून उभी राहिली.
पाडावी लागली. पगार कापला.
बाबा म्हणतात, रेघा मला कळतात रे,
रेघांच्या कडेचं बारीक अक्षर कळत नाही.
मला त्या अक्षरासाठी जायचंय.

मी विद्यापीठाचं बोलले, डॉक्टरकीचं बोलले,
चांगलं दहा मिनिटं बोलले.
त्यानं ऐकलं,
हवामानाचा अंदाज ऐकतात तसं, आदरानं,
आणि खोडरबर मागितला.
शाई आहे, म्हटलं.
मग नवा फॉर्म द्या.

त्यानं कंपासातली पट्टी काढून रकाना मोजला.
अकरा सेंटीमीटर, बाई.
जिओमेत्रा आरामात मावेल.

मी लिहिलं. या वेळी रेघ ओढली नाही.
बरोबर कोण,
हे मला अजूनही ठाऊक नाही.
कदाचित तेविसाव्या वर्षी तोही
माझ्यासारखाच कुठल्यातरी रात्रशाळेत
थंडीनं आखडून बसेल
आणि माझी ही एक ओळ त्याला आठवेल.
कदाचित नाही.

दारापाशी थांबून त्यानं
फळ्यामागच्या ओलीवर बोट टेकवलं,
वास घेतला.
इथं आत पाइप गळतोय, म्हणाला,
फक्त रंग देऊन भागायचं नाही. शिपाईकाकांना सांगा.

आठ वर्षं मी त्या ओलीशेजारी उभी राहून
क्रियापदं चालवते आहे.

धुक्यात बसचे दिवे आले, गेले.
तोबियाचा फॉर्म अजून कोराच आहे.